पेलाभर पाणी

थंडीविषयी मराठी माणसाचे मत एकंदरीत चांगले आहे. उन्हाळ्याला तो नावे ठेवतो, पावसाची चातकासारखी वाट पाहून पुढे त्यालाही कंटाळतो. परंतु हिवाळ्याविरुद्ध त्याची तक्रार क्वचितच ऐकू येते. हुरडा, तिळगूळ, उबदार दुलई आणि सकाळचे कोवळे ऊन यांच्या संगतीने येणारा हा ऋतू त्याला सोयऱ्यासारखा वाटतो. एखाद्या वर्षी महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले, म्हणजे वर्तमानपत्रे त्याचे छायाचित्र छापतात आणि घरोघरी ते कौतुकाने पाहिले जाते. पाणी गोठणे ही आमच्याकडे शोभेची गोष्ट आहे. तिच्यापासून एखाद्या वस्तूचे रक्षण करावयाचे असते, ही कल्पनाच आमच्या नित्य व्यवहारात नाही. आणि म्हणूनच त्या क्रियेला आमच्या भाषेत नेमका शब्दही नाही.

नेमका शब्द नसला, तरी त्याच्या शेजारचा एक उत्तम शब्द कोकणाने जपून ठेवला आहे. पावसाळ्याच्या तोंडाला तेथे ‘आगोट’ म्हणतात. आगोटीपूर्वी सरपण, सुकी मासळी, मीठमिरची यांची बेगमी करावयाची, घर शाकारावयाचे, आणि दर्यावर्दी माणसाने आपली होडी वाळूवर ओढून, तिला टेकू देऊन, तीही झापांनी शाकारून ठेवावयाची, ही तेथील जुनी रीत होय. पुढे नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून ती पुन्हा पाण्यात लोटतात. वर्षाकाठी काही महिने नौकेने पाण्यापासून दूर राहावे, यात कोकणच्या माणसाला नवल वाटत नाही. मात्र पाण्यापासून दूर नेलेल्या नौकेच्या पोटातच शत्रू दडून बसलेला असू शकतो, ही गोष्ट आम्हांस कळली ती पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात.

२०१८ च्या ऑगस्टपासून पुढील मेअखेरपर्यंत अध्यापनाच्या निमित्ताने आमचा मुक्काम त्या राज्यात होता. दहा हजार सरोवरांचा प्रदेश अशी त्याची ख्याती आहे. आणि जाहिरातीचे शब्द बहुधा फुगविलेले असतात, या नियमाला येथे अपवाद आहे, कारण दहा एकरांहून मोठ्या सरोवरांची सरकारी मोजदाद ११,८४२ भरते. मिनिॲपोलिस शहराच्या पश्चिमेस मिनेटोंका नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. डकोटा लोकांच्या भाषेत ‘मोठे पाणी’ अशा अर्थाचे जे शब्द आहेत, त्यांवरून ते नाव पडले. त्याच्या काठच्या वस्तीत आम्ही राहत होतो. आमच्याकडे दारात सायकल असावी, तशी तेथे पुष्कळांच्या दारात होडी असते. उन्हाळ्यात त्या साऱ्या होड्या पाण्यावर गजबजतात, आणि ऑक्टोबर लागला की एकामागून एक ट्रेलरवर चढून काठावर येऊ लागतात. डिसेंबरात सरोवराचा पृष्ठभाग गोठतो. तो पुढे इतका जाड होतो की लोक त्यावरून मोटारी नेतात आणि खोपटी उभारून, बर्फाला भोक पाडून मासे धरीत बसतात. एप्रिलाच्या मध्याच्या सुमारास तो वितळतो. ऑक्टोबर ही मिनेसोटाची आगोट होय, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले.

आता या आगोटीत सर्वांत अधिक काळजी कशाची, तर होडीच्या इंजिनाची. वाचकांपैकी कोणी म्हणेल, मोटारीलाही इंजिन असते, आणि तेथील मोटारी तर हिवाळाभर धावतात. मग होडीच्या इंजिनाचे एवढे कौतुक कशाला? भेद आहे तो असा. मोटारीच्या इंजिनाला थंड ठेवणारे द्रव्य बंद मार्गाने फिरत असते आणि त्यात न गोठणारे रसायन मिसळलेले असते. होडीचे पुष्कळशा प्रकारचे इंजिन मात्र ज्या पाण्यावर तरंगते त्याचेच पाणी पिते. पंप सरोवराचे पाणी ओढून घेतो, ते बिडाच्या ठोकळ्यातील पोकळ्यांतून आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळांभोवतीच्या कप्प्यांतून फिरते, उष्णता घेते, आणि पुन्हा सरोवरात जाते. उन्हाळ्यात याहून सोयीची व्यवस्था सापडणार नाही. परंतु होडी काठावर आली तरी त्या पोकळ्यांत पाणी राहून जाते, आणि थंडीच्या पहिल्या कडक रात्री ते गोठते.

गोठताना पाणी फुगते, हे आम्ही सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. शंभर घनसेंटिमीटर पाण्याचा बर्फ सुमारे एकशेनऊ घनसेंटिमीटर होतो. परीक्षेत हा आकडा लिहिताना त्यात काही सामर्थ्य आहे अशी शंकाही येत नाही. १७८४-८५ च्या हिवाळ्यात, कॅनडातील क्वेबेक येथे, एडवर्ड विल्यम्स नावाच्या तोफखान्यातील मेजराने लोखंडी बाँबगोळ्यांत पाणी भरले, त्यांची तोंडे लोखंडी गुडदीने ठोकून बंद केली, आणि ते उघड्यावर थंडीत ठेवून दिले. एका गोळ्याची गुडदी उडून चारशे फुटांपलीकडे जाऊन पडली. जेथे गुडदीने दाद दिली नाही तेथे गोळाच फुटला. दारू नाही, ठिणगी नाही. केवळ पाणी आणि रात्र! बंदिस्त पाणी शून्याखाली बावीस अंशांपर्यंत निवत गेले, तर त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पटींपर्यंत चढू शकतो. बीड मुळातच ठिसूळ. ते ताण सोसण्यापेक्षा तडकणे पसंत करते.

आणि तरीही पाण्याच्या या स्वभावाला दुष्ट म्हणण्याची आमची छाती होत नाही. चार अंश सेल्सिअसला पाणी सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले की ते हलके होऊन वर येते, आणि बर्फ तर त्याहूनही हलका. म्हणून सरोवर वरून गोठते, तळाचे पाणी द्रव राहते, आणि माथ्यावर मोटारी फिरत असता खाली मासे जिवंत राहतात. बर्फ पाण्यापेक्षा जड असता, तर तो तळाशी साचत गेला असता, आणि त्या प्रदेशातील सरोवरांत वसंतापर्यंत काही जिवंत राहिले असते की नाही कोण जाणे. जो गुण माशाला तारतो, तोच इंजिनाला मारतो. निसर्गाने नियम एकच केला; त्याच्या कोणत्या बाजूला उभे राहावयाचे, ते ज्याचे त्याने पाहावयाचे आहे.

हे पाहण्याची विद्या आम्ही आमच्या शेजाऱ्यांकडून शिकलो. गृहस्थ ऐंशी ओलांडलेले, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, आणि बोलण्यात अत्यंत काटकसरी. आपल्या होडीची हिवाळी तयारी ते दर वर्षी स्वतः करीत. ऑक्टोबराच्या एका शनिवारी त्यांनी आम्हांस बादली धरावयास बोलाविले. प्रथम त्यांनी पेट्रोलच्या टाकीत इंधन टिकविणारे औषध घातले आणि इंजिन चालवून तापविले. त्याने ते औषध आतपर्यंत पोहोचते, आणि पाण्याची वाट राखणारा थर्मोस्टॅटही उघडतो. मग जुने तेल काढून नवे भरले. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल जमलेली असते, ती चार-पाच महिने आतल्या भागांना कुरतडीत राहू नये म्हणून. पंख्याकडील गिअरचे तेल काढताना त्यांनी ते बोटावर घेऊन उजेडात पाहिले. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले असे समजावयाचे, आणि तेथेही तोच धोका. बॅटरी त्यांनी सोडवून घरात नेली. कारण पूर्ण भरलेली बॅटरी शून्याखाली पन्नास अंशांपर्यंतही गोठत नाही, पण पुरती उतरलेली असेल, तर दहाएक अंशांतच तिचा बर्फ होतो. भरलेल्याला थंडी शिवत नाही आणि रिकाम्याला ती फोडते, असा हा एकमेव भाग. बाकी साऱ्या इंजिनाचा न्याय याच्या नेमका उलट.

यानंतर मुख्य विधी आला. इंजिनाच्या ठोकळ्याच्या दोन्ही कुशींना एकेक बूच असते, धुराच्या नळांना आणखी काही असतात. ते एकेक करून उघडू लागले. पहिल्यातून पाण्याची चांगली धार आली. दुसऱ्यातून चार थेंब आले आणि थांबले. आमच्या मते येथे काम संपले होते; बूच उघडले, पाणी येत नाही, तेव्हा पाणी नाही, हा तर्क कोणत्याही परीक्षकाने मान्य केला असता. म्हाताऱ्याने खिशातून वाकविलेली तार काढली आणि त्या भोकात घालून ढवळली. आतून गंजाचा आणि वाळूचा लगदा निघाला, आणि त्याच्यामागून बादलीत बदाबदा पाणी पडले. त्यावर त्याने भाष्य केले नाही. फक्त भिंतीला टांगलेली एक वही काढली. तीत १९८७ पासूनची प्रत्येक ऑक्टोबराची तारीख होती, आणि प्रत्येक तारखेपुढे बुचांच्या यादीबरोबर एक खूण होती. ती कशाची, असे विचारता तो म्हणाला, “तार घातली.”

रिकामे केल्यावर मग त्याने गुलाबी रंगाचे अँटिफ्रीझ पाजले. ते प्रॉपिलिन ग्लायकॉलचे असते. त्याचा दुसरा भाऊबंद, एथिलिन ग्लायकॉल, मोटारींत चालतो; परंतु तो गोड असून विषारी आहे. जमिनीवर सांडलेला तो चाटून कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. वसंतात इंजिन सुरू केले की आतले द्रव्य बाहेर पडते, म्हणून सरोवराकाठी सौम्य भाऊबंदच बरा, आणि तोही शक्य तर बादलीत धरावा. परंतु म्हाताऱ्याच्या मते हा गुलाबी सोपस्कार दुय्यम होता. पाणी न काढता नुसते अँटिफ्रीझ ओतले, तर ते आतल्या पाण्यात मिसळून पातळ होते. थर्मोस्टॅट मिटलेला असेल, तर ते बगल देऊन निघून जाते आणि मागच्या बाजूने गुलाबी धार पाहून मालक समाधानाने घरी जातो.

असे समाधानाने घरी गेलेले एक सद्गृहस्थ आमच्या परिचयाचे होते. ते मूळचे मालवणकडचे, व्यवसायाने संगणकाचे अभियंता, आणि आम्हां उभयतांवर फार लोभ करणारे. त्यांचे वडील पंचाहत्तरीचे होते, आणि मे महिन्यात प्रथमच अमेरिकेस येणार होते. त्यांना सरोवरावर फिरवावे एवढ्याच हेतूने चिरंजिवांनी एक जुनी होडी विकत घेतली होती. त्यांनीही ऑक्टोबरात बुचे उघडली होती, आलेले पाणी काढले होते, आणि वरून गुलाबी औषध सढळ हाताने ओतले होते. त्यात आळस नव्हता, कंजूषपणा नव्हता. नव्हती ती केवळ तार. पुढे २०१९ च्या जानेवारीअखेर उत्तर ध्रुवाकडील थंडीची लाट खाली उतरली, आणि ३० जानेवारीस मिनिॲपोलिसचा पारा शून्याखाली ३३ अंशांवर गेला. त्या दिवशी घराघरांतील माणसे खिडक्यांच्या फटी बुजवीत होती. झाकणाखाली बसलेल्या इंजिनाकडे कोणाचे लक्ष असणार?

बर्फाची एक सवय मोठी फसवी आहे. तो मोडतो तेव्हा सांगत नाही. इंजिन सबंध हिवाळा तडकलेल्या स्थितीत शांत बसून राहते, आणि बर्फ स्वतःच ती फट बुजवून धरतो. आमच्या मालवणी स्नेह्यांचे इंजिन वसंतात सुरूही झाले. काही मिनिटांनी तेल पाहिले, तर ते दूध घातलेल्या कॉफीसारखे झालेले. ठोकळ्याच्या कुशीत, बुचाच्या वर, केसाएवढी एक तड होती. बिडाच्या ठोकळ्यात पत्र्याच्या ज्या गोल चकत्या बसविलेल्या असतात, त्या गोठण्याच्या वेळी आपणहून निखळून इंजिन वाचवितात, असा तेथे एक समज आहे. वस्तुतः ओतकामाच्या वेळची वाळू काढण्यासाठी ठेवलेली ती भोके असतात, आणि चकत्या निखळल्याच तर तो योगायोग होय. येथे त्या जागच्या जागी बसून होत्या. आत उरलेले पाणी पेलाभर असेल की तांब्याभर, कोण सांगणार? नव्या इंजिनाचा खर्च ऐकून स्नेह्यांनी त्या उन्हाळ्यापुरता होडीचा नाद सोडला.

वडील ठरल्याप्रमाणे आले. त्यांनी ती तड बोटाने चाचपून पाहिली, मुलाला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि आम्हांस म्हणाले, “आमच्याकडे होडी शाकारतात ती वरून येणाऱ्या पाण्यासाठी. वरचे पाणी दिसते तरी. हे आतले पाणी कोणाला दिसणार?” त्यांचे ते उद्गार आम्ही आमच्या शेजाऱ्यांस इंग्रजीत समजावून सांगितले. त्यांनी मान डोलाविली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची होडी काढून त्या पाहुण्याला आणि आम्हां सर्वांना दोन तास मिनेटोंकावर फिरविले. दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण पाण्याकडे पाहून बसण्याला भाषा लागते असे दिसले नाही. मुलगा मात्र त्या दोन तासांत फारसा बोलला नाही. आपल्या होडीतून वडिलांना नेण्याचे राहिले ते राहिले, आणि पंचाहत्तरीच्या माणसाच्या बाबतीत पुढच्या वर्षाचा हवाला कोणी द्यावा?

या सर्व प्रकाराचा विचार करिता आमच्या ध्यानात असे आले, की संकटापासून रक्षण करावयाचे म्हटले म्हणजे आमची बुद्धी प्रथम काही तरी वाढविण्याकडे धावते. भिंत जाड करावी, ऊब द्यावी, औषध ओतावे. परंतु बिडाची भिंत किती जाड करणार? मेजर विल्यम्सचे गोळे तोफेसाठी घडविलेले होते. ऊब द्यावी म्हणून काही लोक इंजिनाजवळ विजेची शेगडी ठेवतात. ती विजेच्या तारा शाबूत असेपर्यंत उत्तम चालते, आणि तारा तुटतात त्या नेमक्या वादळाच्या रात्री. बर्फापुढे बळ चालत नाही. त्याला जागा द्यावी लागते. नान्सेनचे ‘फ्राम’ हे जहाज कॉलिन आर्चर याने बांधले, तेव्हा त्याचे पोट मुद्दाम गोलसर ठेवले, की बर्फाने आवळले म्हणजे जहाज चिरडण्याऐवजी वर सरकावे. १८९३ ते १८९६ अशी तीन वर्षे ते ध्रुवसमुद्रात बर्फाबरोबर वाहत राहिले आणि सुखरूप परतले. शॅकल्टनचे ‘एन्ड्युरन्स’ हेही भक्कमच होते. परंतु त्याला वर सरकण्याची युक्ती दिलेली नव्हती. बर्फाने ते दाबून फोडले, आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजी ते बुडाले. २०२२ साली ते दक्षिण ध्रुवाकडील समुद्राच्या तळाशी तीन हजार मीटरांवर सापडले.

इंजिनाच्या बाबतीत जागा देणे म्हणजे रिकामे करणे. आणि रिकामे करण्यातही खरे काम शेवटच्या पेलाभर पाण्याचे आहे. पहिली धार कोणीही काढील. ती दिसते, वाजते, बादली भरते, आणि करणाऱ्याला केल्याचे समाधान देते. घात होतो तो त्या धारेमागे, गाळाच्या आडोशाला, मुकाट्याने बसलेल्या पाण्याने. दोन भावांतील वाद मिटतो, तडजोडीचे कागद होतात, सर्वजण पंगतीला बसतात. आणि एखादा न बोललेला शब्द कोपऱ्यात राहून जातो. उन्हाळ्यात तो कोणालाही त्रास देत नाही. पुढे केव्हा तरी आजारपण येते, वाटणी येते, घरावर थंडीची रात्र येते, आणि बाहेरून अभंग दिसणारे घर कुशीतून तडकते. लोक म्हणतात, थंडी फार पडली. थंडी सर्वांनाच पडलेली असते. बूच उघडल्यावर पाणी येत नाही, एवढ्यावरून आत पाणी नाही असे म्हणणे फार सोपे आहे. तार घालण्यास थोडा धीर लागतो, आणि हातही घाण होतात.

तथापि, रिकामे करणे हेच अंतिम ध्येय होय, असा उपदेश यातून कोणी काढू नये. आमच्या शेजाऱ्यांच्या वहीत ऑक्टोबराच्या पानासमोर एप्रिलाचेही पान होते, आणि त्यावर पहिलीच ओळ ‘सर्व बुचे पुन्हा लावली’ अशी होती. ऑक्टोबरात काढलेली बुचे ते एका पिशवीत घालून सुकाणूच्या चाकाला बांधीत, म्हणजे वसंतात होडी चालवू पाहणाऱ्याच्या हाताला ती प्रथम लागावी. कारण होडीच्या तळाचे बूच विसरून ती पाण्यात लोटणारा मनुष्यही दर वसंतात कोठे ना कोठे निघतोच, आणि त्याची होडी थंडीशिवायच बुडते. तेव्हा हे वैराग्य नव्हे. हा चातुर्मासाचा नेम आहे. नेमाला आरंभाचा दिवस असतो तसा समाप्तीचाही असतो, आणि दोन्ही दिवशी वही उघडून खूण करावी लागते.